बदकाच्या मुठीची छत्री

निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, हे ड्रायव्हरबाईला तिच्या आईने लहानपणीच बजावून ठेवलं होतं. विचारलं की काम फिसकटतं म्हणे. आता जिला जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल हा कुठे चालला, कशाला चालला, याच्या पिशवीत काय आहे, याची खाज, तिलाच आईने ही बंदी घालावी आणि नशिबाने तिलाच परक्या देशात नेऊन बसच्या स्टिअरिंगमागे बसवावं! दिवसभर माणसं चढतात, उतरतात, कुठे ना कुठे जातात, आणि ही आपली आरशात बघत गप्प.

बस चालवायला लागली तीसुद्धा या खाजेपायीच. लग्न करून आली तेव्हा नवरा दिवसभर कामावर असायचा. तो दातांच्या कवळ्या बनवतो. सासूबाई अजून इकडे आल्या नव्हत्या, घरात बोलायला भिंती. खिडकीतून बस दिसायच्या, आणि त्या पुढे कुठे जातात हे काही कळायचं नाही. एक दिवस ती उठली, पास काढला आणि समोर आली त्या बसमध्ये जाऊन बसली. शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, परत आली. दुसऱ्या दिवशी दुसरी बस. शहरातल्या सगळ्या बसचे शेवटचे थांबे पाहून झाले, तेव्हा तिने डेपोत जाऊन नोकरीचा अर्ज केला.

“अगं, तुला साधी स्कूटर येत नव्हती,” सासूबाई म्हणाल्या.

“स्कूटरवर एवढी माणसं कुठे चढतात, आई?”

पहिलं वर्षभर उतारू विचारायचे, “तुम्ही मूळच्या कुठच्या?” ती हौसेने सांगायला लागायची. मग तिच्या लक्षात आलं, उत्तर पुरं व्हायच्या आत लोकांचा थांबा येतो आणि ते उतरून जातात. तेव्हापासून ती गोड हसून म्हणायची, “डेपोतली.” विषय संपला.

तर अशा या बाईच्या बसमध्ये रबरी बूट घातलेली एक म्हातारी रोज दुपारी चढायची. हातात झाकणाची टोपली, बगलेत छत्री. छत्रीची मूठ लाकडी, बदकाच्या डोक्याची. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेलेले असत, हीच एकटी उरलेली. तिथे एक पत्र्याचं छप्पर, एक कचरापेटी आणि बस वळवण्यापुरती जागा. बस वळून परत यायची. म्हातारी मात्र पुढे झाडीत शिरणाऱ्या रस्त्याने चालू लागायची. संध्याकाळी परतीला तीच टोपली, पण रिकामी. जाताना नमस्कारादाखल मान हलवायची, येताना हलवायची. शब्द नाही.

घरी जेवताना हा रोजचा विषय.

“चोरून मांजरं पाळली असतील,” सासूबाई म्हणायच्या.

“प्रेत पुरत असेल,” लेक म्हणायची. ती चौदा वर्षांची, तिला सगळीकडे प्रेतंच दिसतात.

“रोज?”

“थोडं थोडं करून.”

“अगं, विचारून टाक ना एकदा तिला,” नवरा वैतागून म्हणायचा. “ती म्हातारी आमच्या ताटात तरी नको.”

“जाणाऱ्याला विचारू नये. आई म्हणायची—”

“तुझी आई बसमध्ये आहे का?”

नव्हती. पण आईची शिकवण म्हणजे अंगावर गोंदल्यासारखी, धुतली तरी जात नाही.

मग तो दिवस आला. आभाळ भरलेलं. म्हातारी उतरली, टोपली घेऊन चालू लागली. बस वळवताना आरशात बाईला दिसलं, सीटवर छत्री राहिलीय. म्हातारी अजून पन्नास पावलांवर होती. हॉर्न वाजवला असता तरी वळली असती. पण गाडी आधीच उशिरा धावत होती, आणि रस्त्यात हॉर्न देऊन कुणाला थांबवायचं म्हणजे पुन्हा ते आईचं, निघालेल्याला अडवू नये. उद्या देऊ, बाईने मनात म्हटलं आणि गिअर टाकला. सिग्नलपाशी येईतो धो धो पाऊस सुरू झाला.

संध्याकाळच्या बसला म्हातारी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर नाहीच.

नियमाप्रमाणे छत्री डेपोत सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा करायची. बाईने ती घरी आणून कोटांच्या मागे लपवली. येता-जाता ते बदक तिच्याकडे एका डोळ्याने बघायचं. म्हातारी जिवंत असेल ना, एवढा एकच विचार डोक्यात. घास गोड लागेना. कुणाला विचारणार? नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. इतकी वर्षं रोज पाहिलेलं माणूस, आणि माहिती काय, तर रबरी बूट.

सुट्टी लागली. नवऱ्याने तंबू आणला. गाडी घेऊन चार दिवस डोंगरातून, तळ्याकाठून भटकायचं ठरलं. तंबू उभारायचा सराव त्याने दिवाणखान्यात केला होता. दिवाणखान्यात खुंट्या लागत नाहीत, त्यामुळे खुंट्या घरीच राहिल्या. पहिल्या मुक्कामी पावसाने स्वागत केलं तेव्हा हे उघडकीस आलं. तंबूची एक दोरी गाडीच्या आरशाला, एक बाकाला आणि एक सासूबाईंच्या खुर्चीला बांधली.

“मी उठले की तुमचं घर पडेल,” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत रेलल्या. “कुणीतरी चहा आणून द्या.”

दुसऱ्या मुक्कामी तळं तंबूबाहेर होतं तसं आतही आलं. तिसऱ्या दिवशी लेकीचे मोजे गाडीच्या हीटरवर वाळत होते आणि सगळी गाडी त्या वासाने भरली होती. शहर तासाभरावर आलं तशी प्रत्येकाला आपापली गादी दिसू लागली. शेवटच्या थांब्याचं ते पत्र्याचं छप्पर आलं. डावीकडे वळलं की घरचा रस्ता. ड्रायव्हरबाईने गाडी सरळ झाडीतल्या रस्त्याला घातली.

“अगं, अगं! घर तिकडे!”

“पुढे तंबूची जागा आहे. नकाशात पाहिलीय मी. अजून एक मुक्काम बाकी आहे ना आपला?”

“घराच्या एवढ्या जवळ येऊन तंबू ठोकायचा? कशावर? आईच्या खुर्चीवर?”

मागून लेक ओरडली, “आई! सामानाच्या मागे ही कुणाची छत्री आहे?” आणि बदक बघून तिचं तिलाच कळलं.

“विचारायला नको,” बाई म्हणाली. “नुसतं बघून येऊ. मला राहवत नाही.”

नवऱ्याने सीटबेल्ट पुन्हा घट्ट केला. “चल,” तो म्हणाला. “निदान ताटातून तरी जाईल.”

दोन वळणं झाली आणि तळ्याकाठी गवताचा तुकडा दिसला. चार ओले तंबू, एक लाकडी झोपडी. रेनकोट घातलेला एक म्हातारा जागा दाखवायला पुढे आला. बाई छत्री छातीशी धरून उतरली. अंगावर पाऊस पडतोय आणि हातातली छत्री मिटलेलीच. म्हाताऱ्याने आधी छत्री पाहिली, मग तिला पाहिलं.

“ही माझ्या बहिणीची,” तो म्हणाला.

“त्या… कशा आहेत?”

“आत जाऊन बघा. छत्रीविना आली त्याच दिवशी इथल्या पायरीवर घसरली, पाय मोडून घेतला. तेव्हापासून माझ्याकडे आहे. पूर्वी रोज डबा घेऊन यायची, आता बसल्या जागेवरून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते.”

“डबाच होता,” लेक मागून हळूच, जरा निराश होऊन पुटपुटली.

म्हातारी खिडकीशी बसली होती. प्लास्टरमधला पाय उशीवर. जिवंत, लालबुंद, चिडकी. बाईचा जीव भांड्यात पडला.

“आलीस एकदाची,” म्हातारी म्हणाली. आवाज चांगलाच खणखणीत निघाला.

“तुमची छत्री. तुम्ही विसरलात, मला तेव्हाच दिसली होती. हॉर्न द्यायला हवा होता. उशीर होत होता म्हणून मी… माझं चुकलं. माझ्यामुळे पावसात—”

“पायरी शेवाळलेली होती. छत्रीने काय माझा पाय धरला असता?” म्हातारीने बदकाच्या डोक्यावरून हात फिरवला. “आणि विसरले नव्हते मी. मुद्दाम ठेवली होती.”

“मुद्दाम? का?” आयुष्यात पहिल्यांदा बाईने तिला काही विचारलं.

“इतकी वर्षं तुझ्या बसमध्ये बसते. तू एका अक्षराने काही विचारत नाहीस. तुला विचारावं असं मला रोज वाटायचं. पण भाऊ म्हणाला, बाहेरून आलेल्यांना सगळे तेच तेच विचारतात, त्यांना वैताग येतो, तू नको विचारूस. म्हटलं, छत्री ठेवते. द्यायला हाक मारेल, तेवढ्यावरून बोलणं निघेल.” ती थांबली. “वळणापर्यंत तीनदा मागे बघितलं मी.”

ड्रायव्हरबाईचे डोळे भरून आले. दारात सासूबाई पदराचं पाणी पिळत उभ्या होत्या. त्यांना ती भाषा फारशी कळत नव्हती, पण सुनेचा चेहरा कळत होता. त्यांनी नातीला मागे ओढलं आणि दार लोटून घेतलं.

“मग आता विचारू?” म्हातारी म्हणाली. “तू कुठची?”

‘डेपोतली’ अगदी जिभेवर आलं होतं. बाईने ते गिळलं.

“सांगते. पण वेळ लागेल.”

म्हातारीने प्लास्टरकडे बोट दाखवलं. “मी आता कुठे जातेय?”

ड्रायव्हरबाईने स्टूल पुढे ओढलं, आणि आईच्या त्या ‘कुठे’पासूनच सांगायला सुरुवात केली.