दोन मंडळ्यांचे वडील

साळवेसर गेले, हे त्यांच्या मुलानं नगरहून फोन करून सांगितलं तेव्हा मी रुवीत गाडी लावायला जागा शोधत होतो. गुरुवारची संध्याकाळ, सगळ्या मस्कतचा बाजारहाट त्या एका रस्त्यावर उतरलेला, मागून हॉर्नवर हॉर्न. "काका, पप्पा सकाळी गेले. झोपेतच..." एवढं बोलून तो थांबला. मी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते आता आठवत नाही. जागा मिळाली, गाडी लावली आणि एसी चालू ठेवून तिथंच बसून राहिलो. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर ते सुटले, असं मला वाटलं. इतका दमलेला माणूस अखेर झोपला, एवढंच मनात आलं.

शांतवन साळवे आणि मी, मिलिंद साळवे, एकाच कन्सल्टन्सीत होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मस्कतला आलो तेव्हा ते आधीपासूनच तिथं होते. ते क्वांटिटी सर्व्हेयर, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांचे फोन मला यायचे, माझी पाकिटं त्यांच्या टेबलावर जायची. शेवटी ऑफिसनं सीनियर साळवे आणि ज्युनियर साळवे असं करून टाकलं. आम्ही नातेवाईक आहोत का, असं कुणी विचारलं की सर हसायचे आणि म्हणायचे, "असू. शोधलं तर सापडेल." ते नगर जिल्ह्यातले, त्यांच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत बाप्तिस्मा घेतला. आम्ही विदर्भातले, माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. दोन्ही म्हातारे गावकुसाबाहेरचेच. वाटा तेवढ्या वेगळ्या.

खाबुऱ्याला आमचं एक काम चालू होतं, तेव्हा आमची खरी ओळख झाली. आठवडाभर साइटवर राहायचं, एका पोर्टा केबिनमध्ये दोन पलंग, बाहेर खजुराच्या बागा आणि समुद्राचा खारट वारा. संध्याकाळी करण्यासारखं काही नसायचं. चहा घेऊन पायरीवर बसलो की सर बोलायला लागायचे, आणि कुठल्याही विषयावरून निघाले तरी येऊन पोचायचे पहिल्या तीनशे वर्षांतल्या चर्चवर. तरुणपणी दोन वर्षं ते पुण्यात धर्मशास्त्र शिकत होते. पाळक व्हायचं होतं. वडील अचानक गेले, धाकटी भावंडं होती, शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. पण तो विषय काही सुटला नाही. रोममध्ये, अलेक्झांड्रियात, उत्तर आफ्रिकेतल्या गावांत लोक कुणाच्या तरी घरात जमायचे, इमारत नव्हती, अधिकार कुणाचा हे ठरलेलं नव्हतं, आणि त्यातून हळूहळू मंडळीचे वडील, अध्यक्ष म्हणजे आजचे बिशप, सेवक अशी माणसं कशी नेमली गेली, हे ते असं सांगायचे की जणू शेजारच्या गल्लीतली गोष्ट आहे. "त्या काळी वडील होणं म्हणजे मान नव्हता, मिलिंद. शिपाई आले की पहिला तोच धरला जायचा," असं ते म्हणायचे. मी ऐकायचो. माझा देवावर विश्वास नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी मला कधी एका शब्दानंही चर्चला बोलावलं नाही.

रुवीत मराठी ख्रिस्ती लोकांची एक छोटी मंडळी होती. चर्चच्या आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू अशा कितीतरी मंडळ्यांच्या वेळा ठरलेल्या, त्यात शुक्रवारी दुपारचा एक तास मराठीच्या वाट्याला आलेला. पूर्णवेळ पाळक नव्हता. लोकांनी सरांना वडील निवडलं. उपासना चालवणं, आजारी माणसाला भेटणं, कुणाचा व्हिसा अडला तर ऑफिसांत खेपा घालणं, नवराबायकोची भांडणं सोडवणं, सगळं त्यांच्याकडे. सर ते आनंदानं करायचे. कांबळ्यांची गोष्ट घडेपर्यंत.

मोझेस कांबळे अल अमेरातला एका गोदामात स्टोअरकीपर होते. साधा, कमी बोलणारा माणूस. त्यांची मुलगी शेरॉन इथल्या इंडियन स्कूलमधून बारावी झाली आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क चांगले होते, पण खुल्या जागेला थोडे कमी पडले, आणि एनआरआय कोट्याची फी स्टोअरकीपरच्या आवाक्यातली नव्हती. आपल्याकडे बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. कांबळे सुट्टीत गावी गेले आणि आपलं कुटुंब बौद्ध आहे असं प्रतिज्ञापत्र करून दाखला घेऊन आले. शेरॉनला सीट मिळाली. बातमी मस्कतला त्यांच्या आधी पोचली.

सरांनी मला हे ऑफिसच्या पार्किंगमध्ये सांगितलं. मी भडकलो. "सर, आमचा धर्म म्हणजे काय अॅडमिशनची खिडकी आहे? काम झालं की खलास?" ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझा राग बरोबर आहे. त्यांच्या वतीनं मी माफी मागतो." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण एक सांगू? तुझ्या आणि माझ्या आजोबांना एकाच तऱ्हेच्या पाणवठ्यावरून हाकललं होतं. कागदाला ते कळत नाही." मी स्वतः त्याच दाखल्यावर इंजिनिअर झालो होतो, अगदी हक्कानं. आणि हा माणूस, तोच भोग वाट्याला आलेला, त्या दाखल्याशिवाय राहिला होता.

मंडळीची बैठक सरांच्या घरी झाली. "तुझ्या धर्माचं नाव वापरलं गेलंय, तुलाही ऐकायचा हक्क आहे," असं म्हणून त्यांनी मलाही बोलावलं. कांबळ्यांना काढून टाका, असं म्हणणाऱ्यांत सिस्टर सुमन पुढे होत्या. सिस्टर म्हणजे इथल्या एका हॉस्पिटलमधल्या जुन्या नर्स, मूळच्या जालन्याकडच्या. मला वाटलं होतं, कडक बाई आहे, ओरडेल. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगाही हुशार होता, साळवे. त्यालाही थोडेच मार्क कमी पडले. याच दाखल्याचं मलाही लोकांनी सुचवलं होतं. माझ्या आजोबांचं पाणी गावानं तोडलं तरी त्यांनी नाव बदललं नाही, मग मी कशी बदलू? आज माझा पोरगा रुवीत मोबाइलच्या दुकानात उभा असतो. त्याला मी काय सांगू? की खोटं लिहिलं असतं तरी चाललं असतं?" कांबळे कोपऱ्यात जमिनीकडे बघत बसले होते.

तेव्हा सरांनी ती गोष्ट सांगितली, जी मी खाबुऱ्याच्या पायरीवर अनेकदा ऐकली होती. तिसऱ्या शतकात एका रोमन बादशहानं हुकूम काढला की प्रत्येकानं देवतांपुढे धूप घालायचा आणि घातल्याचा सरकारी दाखला घ्यायचा. उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांपैकी काही तुरुंगात गेले, काही मेले. पुष्कळांनी धूप घातला. आणि काहींनी धूप न घालताच, कुणाला तरी धरून नुसता दाखला मिळवला. छळ थांबला आणि हे सगळे मंडळीच्या दारात येऊन उभे राहिले, आम्हाला परत घ्या म्हणून. कुणी म्हणालं, यांना देव क्षमा करील तर करो, आपण करू शकत नाही. कुणी म्हणालं, आजच आत घ्या. तिथला अध्यक्ष स्वतः छळाच्या दिवसांत लपून राहिलेला, त्यामुळे तू कोण आम्हाला शिकवणार, असं त्यालाही ऐकून घ्यावं लागलं. त्यानं बाकीच्या अध्यक्षांना बोलावलं आणि मधली वाट काढली. दार बंद करायचं नाही, पण लगेच उघडायचंही नाही. त्यांनी थांबावं, पश्चात्ताप करावा, प्रार्थनेला यावं आणि मग त्यांना प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, घ्यावं. नुसता दाखला घेतलेल्यांना लवकर, धूप घातलेल्यांना उशिरा.

"मग मंडळी एक राहिली?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "फुटली. रोममध्ये कडक लोकांनी आपला वेगळा अध्यक्ष केला. आणि ती माणसं वाईट नव्हती, सिस्टर. त्यांच्यातल्या कित्येकांनी छळ सोसला होता."

त्यांनी निर्णय दिला. कांबळे कुटुंबानं उपासनेला यायचं, ईस्टरपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही, ईस्टरला सगळ्यांसमोर प्रार्थना करून त्यांना परत घ्यायचं. तो निर्णय कुणालाच पटला नाही. सिस्टर म्हणाल्या, हे फार थोडं झालं. कांबळ्यांची बायको म्हणाली, माझ्या पोरीला सगळ्यांसमोर उभं करणार का तुम्ही?

नाताळच्या सुट्टीत शेरॉन मस्कतला आली आणि सरांना भेटायला ऑफिसात आली. मी समोरच्या टेबलावर होतो. घरात मराठी असली तरी तिची मराठी अडखळत चाले. "अंकल, मला सीट पायजे. आणि मला चर्च पण पायजे. दोन्ही मागितलं तर... इज इट राँग?" सरांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "बाळा, सीट मागण्यात चूक नाही. ती सरळ मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, ही चूक तुझी नाही. पण जे लिहिलं ते खरं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्या दोन्ही धरून बसायला लागतं." ती रडली. सरांनी तिला पाणी दिलं, टॅक्सीत बसवून दिलं आणि परत येऊन मोजमापांचा कागद पुढ्यात घेतला. दुपारभर त्यांनी एकही आकडा लिहिला नाही.

ईस्टरला कांबळ्यांना परत घेतलं. पुढच्याच शुक्रवारी सिस्टर आणि जवळजवळ अर्धी माणसं आली नाहीत. दारसैतला सिस्टरांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी संध्याकाळची वेगळी प्रार्थना सुरू केली.

यानंतर सरांनी जे केलं ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. दुपारी ते रुवीच्या हॉलमध्ये उपासना चालवत आणि संध्याकाळी दारसैतला जाऊन सिस्टरांच्या प्रार्थनेत मागे बसत. कुणी बोलावलं नव्हतं. सुरुवातीला कुणी बोलतही नसे. ते गाणी म्हणत, प्रार्थना ऐकत, चहा दिला तर घेत आणि निघून येत. रुवीतल्या लोकांनाही ते आवडेना. आपला वडील त्यांच्याकडे जाऊन बसतो, म्हणजे आपणच चुकलो असं दिसतं, असं कांबळेच एकदा मला म्हणाले. दोन्हीकडून टोमणे यायचे. मस्कतचा उन्हाळा, ती दमट हवा, साठीकडे झुकलेला मधुमेही माणूस, आणि शुक्रवारची एकच सुट्टी अशी सगळी जायची... वर्षांमागून वर्षं.

एकदा मी त्यांना दारसैतला सोडायला गेलो. बिल्डिंगखाली गाडी थांबवली तरी ते उतरेनात. "पाय उचलत नाहीत रे आता," ते म्हणाले. "वर गेलो की काय बोलावं कळत नाही. प्रार्थनेत मन लागत नाही. खरं तर देवाशीही फारसं बोलणं होत नाही हल्ली."

"मग नका ना जाऊ, सर. कुणी बक्षीस देणार आहे का?"

"नाही गेलो तर दोन मंडळ्या होतील," ते म्हणाले. "मी जातोय तोवर एकच आहे. फुटलेली आहे, पण एक आहे." आणि दार उघडून, गुडघ्यावर हात टेकत उतरले. मला तेव्हा ते पटलं नाही. एका माणसाच्या जाण्यायेण्यावर टिकणारं एकपण, त्याला काय अर्थ, असं वाटलं. आजही पूर्ण पटलंय असं नाही. पण इतक्या अवजड गोष्टीवर इतक्या साधेपणानं विश्वास ठेवणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

किडन्यांनी दगा दिला तेव्हा ते नोकरी सोडून नगरला परतले. विमानतळावर दोन्हीकडची माणसं आली होती. दोन वेगवेगळे घोळके करून उभी होती आणि सर या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत होते. नगरला डायलिसिस सुरू झालं. फोनवर आवाज बारीक व्हायचा. शेरॉन डॉक्टर झाली, सोलापूरकडे नोकरीला लागली, एकदा मुद्दाम त्यांना भेटून गेली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दारसैतबद्दल ते विचारायचे, रुवीबद्दल विचारायचे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

बातमी आली त्या संध्याकाळी मी गाडीतूनच कांबळ्यांना फोन केला. सिस्टरांचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून दारसैतला गेलो. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "साळवे गेले?" मी हो म्हणालो. आत गालिचा अंथरलेला होता, दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेची तयारी. सगळे खालीच बसत असावेत, कारण भिंतीशी एकच खुर्ची होती, हाताची, पाठीला उशी बांधलेली. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते. सिस्टरांनी ते उचलून आत नेले. बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यांना खाली बसवत नव्हतं. मीच आणली होती, पहिल्याच वर्षी. बोलत नव्हते त्यांच्याशी, पण खुर्ची आणली." मग डोळ्यांना पदर लावून त्यांनी विचारलं, "कांबळ्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्या उभ्याच होत्या. पलीकडून आवाज आला तसा त्यांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला. "कांबळे, मी सुमन बोलतेय," त्या म्हणाल्या. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

दोन्हीकडच्या प्रार्थना अजून वेगळ्याच भरतात. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी सिस्टरांकडे गेलो होतो, का ते मलाही सांगता येणार नाही. गालिच्यावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. भिंतीशी, ती उशी बांधलेली खुर्ची रिकामी ठेवून, तिच्या पायाशी खाली मांडी घालून मोझेस कांबळे बसले होते.