मामींच्या आवाजातला नायक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मामींचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून बारावी करून मी मुलुंडला आलो, तेव्हा मामींनी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरातली खिडकीजवळची जागा मला दिली. पदवी हातात पडेपर्यंत, आणि नंतरही बरेच दिवस, ती माझीच राहिली.

मामी विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या. मामांची नजर मधुमेहाने अधू झाल्यापासून त्या त्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवत. वर्तमानपत्र, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, दिवाळी अंकातली कथा, सगळं एकाच आवाजात. बातमी खुनाची असो की पाणीकपातीची, आवाज चढत नसे की उतरत नसे. सुरुवातीला मला हसू यायचं.

पदवीनंतर मला साकीनाक्याला नोकरी लागली. खाली लेथ मशीनची घरघर आणि वर आमचं ऑफिस. मोबाइलवर ऐकायच्या प्रेमकथा तिथे तयार होत आणि मी त्यांचे भाग लिहीत असे. लिहिण्याचा पगार मिळतो याचंच मला केवढं अप्रूप! साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हिरो थोडा डेंजर ठेव. हक्क गाजवणारा. पब्लिकला तेच झकास वाटतं." मी तसं लिहू लागलो. नायिकेची वाट पाहत तासन्‌तास उभा राहणारा तो नायक मला आवडायचाही. कोणी कोणासाठी इतका वेळ उभं राहतं, हे आमच्या गावाकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास मामींच्या मुलीचं, माझ्या ताईचं, लग्न ठरलं होतं. मुलगा घाटकोपरचा, इंजिनिअर. ताई अंधेरीला नोकरी करायची. ती सुटायच्या वेळी तो न सांगता तिच्या ऑफिसखाली येऊन उभा असायचा. सोसायटीतल्या बायका म्हणत, "नशीब काढलंस गं!" आम्हालाही तसंच वाटत होतं.

एका रविवारी दुपारी बिरड्यासाठी वाल सोलायला आम्ही परातीभोवती बसलो होतो. मामा म्हणाले, "अगं, याची गोष्ट वाच ना. बघू तरी भाच्याने काय दिवे लावलेत." मी बॅगेतून नव्या भागाची पानं काढून दिली. मामींनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

नायिकेला मैत्रिणींबरोबर जेवायला जायचं असतं आणि नायक तिच्या ऑफिसखाली उभा असतो. मामींनी वाचलं, "तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. जगावर नाही."

"म्हणून लोकेशन चालू ठेव," ताई म्हणाली.

पानावरचं पुढचं वाक्य तेच होतं.

मामा हसले. "चोरून वाचलंस काय गं?"

"नाही हो बाबा." ताईने मान वर केली नाही.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पानं त्या दिवसापर्यंत कोणी पाहिलीच नव्हती.

"मग पुढे काय होतं?" मामींनी तिला विचारलं.

"ती नाही म्हणते. मग हा चार दिवस बोलत नाही. मेसेज बघतो, उत्तर देत नाही. शेवटी तीच सॉरी म्हणते. मग हा चॉकलेट आणतो."

"चॉकलेट नाही," मी पुटपुटलो. "गजरा."

कोणी हसलं नाही. मला वाटलं, मामी आता पानं बाजूला ठेवतील आणि ताईला फैलावर घेतील. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिल्या. रुसवा, गजरा, मिठी. शेवटचं वाक्य होतं, "असं प्रेम नशिबानेच मिळतं, तिला वाटलं." ते लिहिताना माझ्या मनात मागे बासरी वाजत होती. मामींच्या आवाजात बासरी नव्हती. सोमवारी पाणी येणार नाही, तसं ते वाक्य आलं.

"आई, परत वाच," ताई म्हणाली.

मामींनी पहिल्यापासून परत वाचलं.

मामा चुळबुळले. "गोष्ट आहे गं ती. मी रोज खुनाच्या बातम्या ऐकतो, म्हणून सुरा घेऊन फिरतो का?"

"अहो, बातमीत खून गोड असतो असं लिहिलेलं नसतं."

"मग असं लिहूच नये का, मामी?" मी विचारलं.

"लिही की. असली माणसं आहेत, तर गोष्टीत येणारच. पण 'चार दिवस गेले' म्हणून तू मोकळा झालास. त्या चार दिवसांत ती जेवली का?"

"नाही जेवली," ताई म्हणाली.

मामींनी परात बाजूला सरकवली आणि ताईच्या शेजारी जाऊन बसल्या. तेवढंच. लग्न मोड असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत, नंतरही नाहीत. ताईने लोकेशन बंद केलं आणि पुढे काय होतं ते पाहिलं. महिन्याभरात तिने स्वतःच नकार कळवला. बायका विचारायला आल्या तेव्हा मामींनी दारातच सांगितलं, "लग्न रद्द झालं आहे." नोटिशीच्याच आवाजात. पुढे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. एवढं सगळं समजूनही ज्याचं त्याला ऐकू येईपर्यंत थांबणं कसं जमतं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता मी बोरिवलीला राहतो. मामी फोनवर लांबलचक काही वाचत नाहीत, म्हणून परवा त्यांना पोस्टाने पत्र पाठवलं:

"मामी,
तुमच्या पायांवर डोकं ठेवून सुरुवात करतो.
ते चार दिवस मी लिहिले होते. ती डबा तसाच परत नेते, मैत्रिणींना बॅटरी संपली म्हणून सांगते, सगळं. साहेब म्हणाले, 'हिरोची वाट लावलीस यार.' मालिका दुसऱ्याकडे गेली. त्यात आता नायक-नायिकेचं लग्न झालंय आणि मालिका जोरात चालली आहे. वाईट वाटतं, पण मी खोटं बोलणार नाही, मामांचं म्हणणंही मला पूर्ण खोडता येत नाही. लोक आवडीने ऐकतात आणि सगळेच काही फसत नाहीत. तरी ऐकणारी एखादी आमच्या ताईसारखी उपाशी असेल, तर तिच्या कानात मी बासरी वाजवू नये, एवढं मला कळलंय.
मला नवी, छोटी मालिका दिली आहे. यातला नायक विचारतो, 'न्यायला येऊ का?' ती नको म्हणते. तो बरं म्हणतो आणि घरी जाऊन कुकर लावतो. साहेब विचारतात, यात ड्रामा कुठे आहे? मी शोधतोय.
पहिल्या भागाची पानं सोबत आहेत. मामांना वाचून दाखवा, ताईलाही बसवा. तुम्ही वाचायच्या आधीच तिने एखादं वाक्य पुरं केलं, तर तिथे पेन्सिलीने खूण करा. ते मी पुन्हा लिहीन."