बाहेरचे कुलूप

१४ मार्च रोजी मी पाटीवाल्याच्या नावे २,१०० रुपयांचा धनादेश काढला. चौदा चित्रे तपासण्याचे, चित्रामागे दीडशे. पूर्वी आमचे संग्रहालय त्याला एक चित्र काढायचे अठरा हजार देत असे.

पाटीवाला हे काही त्याचे नाव नव्हे. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यावरून लोकांनी पाडलेले. पुढे फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत त्याचा धंदा बसला. तेव्हा संग्रहालयाने त्याला शहराच्या इतिहासातले प्रसंग रंगवायला बोलावले. वर्षाला एक चित्र, फार तर दीड. पुलाच्या चित्रासाठी तो एका म्हाताऱ्या गवंड्याकडे आठ वेळा गेला, मजूर घमेले डोक्यावर न्यायचे की खांद्यावर, एवढ्यासाठी. चित्र झाले की ते उचलून ज्यांनी तो प्रसंग पाहिला त्यांच्या घरी न्यायचे आणि ‘असंच होतं’ म्हणणाऱ्याची कॅनव्हासच्या पाठीवर सही घ्यायची, ही त्याची पद्धत. ज्याला सही येत नसेल त्याचा अंगठा. महापुराच्या चित्रातली म्हैस चुकली म्हणून एका बाईने सही दिली नाही, तर याने म्हैस खरवडली आणि पुन्हा काढली. “अहो, लोक चित्र पुढून बघतात,” असे संचालक म्हणायचे. तो फक्त हसायचा.

एक चित्र त्याने शेवटासाठी ठेवले होते. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आमच्याकडच्या काडेपेटीच्या कारखान्याला आग लागली आणि पेट्या भरण्याच्या खोलीत अकरा बायका जळून गेल्या. त्यांत त्याची आई होती. तो तेव्हा दोन वर्षांचा. आईची धाकटी बहीण त्याच खोलीत होती. ती छपराच्या पत्र्यातून निघाली, वाचली, आणि तिनेच याला वाढवले.

बायका घरी काड्या चोरून नेतात म्हणून झडती होईपर्यंत त्या खोलीला बाहेरून कुलूप असे. आगीच्या दिवशीही होते. मावशीने दाराच्या फटीतून हात घालून ते धरले होते. तिच्या उजव्या तळव्यावर त्याचा डाग आहे. पण चौकशीच्या कागदात मालकांच्या माणसांनी लिहून दिले की बायकांनी आराम करायला दार आतून बंद केले होते. भरपाई मिळाली नाही. शिवाय गावात ती गोष्ट तशीच रुजली. मावशीने बाजारात ती निदान शंभरदा ऐकली असेल.

पाटीवाल्याने ते चित्र बाहेरून काढायला घेतले होते. बंद दार, कुलूप, आणि फटीतून आलेली चार बोटे. अर्धे झाले होते.

तेवढ्यात संचालक बदलले. नव्या साहेबांना दोन महिन्यांत नवे दालन उघडायचे होते, चौदा प्रसंग, सगळे एकाच धाटणीचे. संगणकाला वाक्य सांगितले की चित्र काढून देणारी सोय आली होती. तुलनात्मक तक्ता मी केला. पाटीवाला: दोन लाख बावन्न हजार आणि किमान दहा वर्षे. यंत्र: छपाईसह एक्याण्णव हजार आणि नऊ दिवस. तक्ता एकाच बैठकीत मंजूर झाला. काम मिळाले ते फ्लेक्सवाल्याला, म्हणजे ज्याच्या दुकानामुळे याच्या पाट्या बंद पडल्या त्यालाच. पाटीवाल्याची झालेली चित्रे माळ्यावर गेली.

त्याला तपासणीचे काम देऊ केले तेव्हा मला वाटले, तो तोंडावर फेकेल. त्याने ते घेतले. मी कारण विचारले.

“चित्र कोणाचंही असू दे, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “कुलूप बाहेर होतं एवढं भिंतीवर दिसलं पाहिजे. मावशीला पंचाहत्तर झाली.”

तपासणीचा तक्ता मीच आखला. पहिल्या रकान्यात सूचना, दुसऱ्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’, तिसऱ्यात सही. तेरा चित्रे सुरळीत पार पडली. त्याने मजुरांच्या पायांतले बूट काढायला लावले, पुलाखालचे पाणी उलटे वाहत होते ते फिरवायला लावले. यंत्राने मुकाट्याने ऐकले. आठ खेपांत गवंड्याकडून मिळवलेले ज्ञान फ्लेक्सवाल्याने एका ओळीत टंकले, आणि चित्र पहिल्यापेक्षा चांगले झाले. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

आगीचे चित्र मात्र जमेना. पहिल्या खेपेला दार सताड उघडे आणि बायका धावत बाहेर. याने लिहिले: ‘दार बंद, मोठे कुलूप, बाहेरून.’ पण साहेबांचा आग्रह होता की चित्र खोलीच्या आतून हवे, बायकांचे चेहरे दिसले पाहिजेत. फ्लेक्सवाल्याने सहा वेळा करून पाहिले. दोनदा कुलूप एका बाईच्या गळ्यात आले. शेवटी ते दारावर आले, पितळी, चकचकीत, आतल्या बाजूला.

“त्याला कुलूप म्हटलं की ते दिसेल असंच काढतं रे,” फ्लेक्सवाला याची समजूत घालू लागला. “दाराच्या पलीकडे काढून गिऱ्हाईकाला काय दिसणार?”

पाटीवाल्याने दुसऱ्या रकान्यात लिहिले: ‘आहे, पण आतून आहे. चालणार नाही.’ मी तक्ता परत केला. रकाना एका शब्दाचा होता. ‘नाही’ लिहिले तर चौदाही चित्रांचे बिल अडकणार, आणि वर्षअखेर तीन आठवड्यांवर आली होती. मी त्याला म्हणालो, “आत्ता ‘आहे’ लिहा. उद्घाटनाच्या आत दुरुस्त करून घेऊ.” तसे करायचे माझ्या मनात खरेच होते. त्याने माझ्याकडे पाहिले, ‘आहे’ लिहिले आणि सही केली. त्याच आठवड्यात साहेबांनी छपाई उरकून घेतली.

उद्घाटनाला मावशी पहिल्या रांगेत हवी, त्या आगीतून वाचलेली ती एकटीच उरली आहे, असे साहेबांनी सांगितले. पाटीवाला तिला आणायला तयार नव्हता. पण तिच्या हाती निमंत्रणपत्रिका पडली होती आणि शेजारणींनी सांगितले होते की चित्रात कुलूप आहे. ती हटून बसली. मी म्हणालो, टॅक्सीने आणा, पैसे मी बघतो.

मोतीबिंदू काढल्यापासून तिला स्वच्छ दिसते. भाषणे संपल्यावर ती काठी टेकत थेट त्या चित्रापाशी गेली. मग उजवा तळवा कुलपाजवळ नेला, लावला मात्र नाही. शेजारी एक सुशिक्षित बाई उभ्या होत्या. त्यांनी अगदी सहानुभूतीने विचारले, “मग किल्ली कोणाकडे होती हो, आजी?”

मावशी भाच्याकडे वळली.

“हे तू तपासलंस?”

“हो.”

“सही केलीस?”

“केली.”

“मग आम्हीच लावलं असेल,” ती म्हणाली, आणि खुर्चीकडे गेली. साहेबांनी फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी पाटीवाला कचेरीत आला. साहेबांनी फाईल मागवली आणि त्याच्याच सहीवर बोट ठेवले. पुन्हा छपाईला साडेसहा हजार लागतात, तरतूद नाही, पुढच्या वर्षी पाहू. मी टिपणी लिहिली. ती ‘तपासणीअंती योग्य’ असा शेरा घेऊन परत आली. शाळांच्या सहली आता त्या चित्रासमोर थांबतात आणि बायकांनी आतून दार का लावले हे बाई मुलांना समजावून सांगतात. मी दोनदा ऐकले. दोन शिक्षिकांची दोन कारणे होती.

त्याने स्वतःचे चित्र चाळीस दिवसांत पुरे केले. मी पाहिले आहे. तो ते मावशीकडे घेऊन गेला, तिला दाखवले, उलटे केले आणि पेन तिच्या हातात दिले. तिने पेन परत दिले.

“तुझी एक सही झालीय ना,” ती म्हणाली. “तीच चालेल आता.”

ती पावसाळ्याअखेर गेली. चित्र त्याच्या खोलीत आहे. पाठ कोरी आहे. मालकांच्या कागदाला आमच्या भिंतीवर दुजोरा मिळाला आहे, तोही फुकट. पाटीवाला आता शाळांच्या बाकांवर क्रमांक घालायचे काम करतो. मला भेटतो, बोलतो, राग दाखवत नाही.

उद्घाटनाच्या दिवशीच्या टॅक्सीची पावती नव्हती, म्हणून तो खर्च मंजूर झाला नाही. जाऊन येऊन एकशे ऐंशी रुपये झाले होते. ते मी त्याला अजून दिलेले नाहीत.