शोधनिबंधावरचं दुसरं नाव

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रांजवळ नाही. तसा मी बोलका माणूस आहे — पेशंट कंटाळून उठतील इतका बोलतो — पण एवढं एक गिळून बसलो. आता तुम्हाला का सांगतोय? वय झालं म्हणून, असं म्हणता येईल. पण वय काय, ते कधीचंच झालं आहे.

गोष्ट एका शोधनिबंधाची आहे. हसू नका. एका वैद्यकीय जर्नलमध्ये तो छापून आला होता, सत्तरच्या दशकात, आणि आता तो कोणी वाचत असेल असं वाटत नाही. विषय उष्माघाताचा. नागपूरच्या डॉक्टरानं दुसरा कुठला विषय घ्यावा? मे महिना लागला की शहराबाहेरच्या वाडी भागातल्या गोदामांतले हमाल, ट्रकवाले, बांधकामावरच्या बाया आमच्या हॉस्पिटलात यायच्या. अंग निखाऱ्यासारखं आणि तोंडानं बडबड. आम्ही ओल्या चादरीत गुंडाळायचो, बर्फाच्या लाद्या मागवायचो. कोणाच्या खिशात, ऊन लागू नये म्हणून घरच्यांनी ठेवलेला कांदा सापडायचा. आमच्या विभागाचे प्रमुख — आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो — एके दिवशी म्हणाले की दर उन्हाळ्यात नुसता बर्फ काय फोडता, यांच्या रक्तातलं मीठ किती उतरतं ते मोजा आणि लिहून जर्नलला पाठवा. मी तेव्हा तरुण व्याख्याता होतो. पेशंट तपासायचं माझ्याकडे आलं. रक्तातलं मीठ मोजायचं सुमनकडे.

सुमन आमच्याच विभागात माझ्या हाताखालची नवी डॉक्टर होती. उमरेडची, घरी हातमाग. आमच्याही घरी एके काळी माग होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून गप्पांना विषय मिळाला. मीठ मोजायच्या यंत्रात एक बारीक ज्योत जळायची आणि ती हलली की आकडा हलायचा. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. नागपूरचा मे आणि पंखा बंद! कोणी त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नसे. मी मात्र काही ना काही निमित्त काढून तिथं जाऊन बसायचो. घाम पुसत ती आकडे सांगायची, मी लिहून घ्यायचो. पुढं आयुष्यात वातानुकूलित खोल्या पुष्कळ मिळाल्या — पण कुठं बसावंसं वाटलं असं विचाराल, तर ती एकच खोली.

त्याच खोलीत तिनं मला पुढच्या निबंधाचा विषय सांगितला होता. बाळंतिणीला खाटेखाली शेगडी ठेवून, दारं-खिडक्या लावून कोंडतात, भर उन्हाळ्यातसुद्धा. त्यातल्या काही जणी ताप येऊन जातात, आणि घरचे बाहेरची बाधा म्हणतात. तिला त्या बाया मोजायच्या होत्या. आणि तिथंच तिनं आपल्या नावाची गोष्ट सांगितली.

तिच्या आधी घरात एक मुलगी झाली होती. ती तान्ही असतानाच गेली. वर्षभरात ही झाली, तर आईनं तेच नाव हिला ठेवलं. सुमन. “आई मले हाक मारते न् तिले आठवते,” ती म्हणाली. “मले माह्यं एक नाव पाहिजे, डॉक्टर. कोणाचं उरलेलं नाही.” मग हसून म्हणाली की लग्नात एरवी बायकांचं नाव नवरा बदलतो, आपण मात्र आपलं आधीच ठरवून ठेवलं आहे. कोणतं, ते सांगेना.

आता हे कसं सांगू? मीही एक नाव ठरवून ठेवलं होतं. आमच्याकडे लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो, तुम्हाला माहीतच आहे. मी ते ताट मनात कितीदा मांडलं असेल! रात्री नाही हो, भर दुपारी, वॉर्डात राउंड घेताना. मग तिला विचारलं का नाही? धीर झाला नाही. उद्या विचारू, हंगाम संपला की विचारू, निबंध गेला की विचारू. तोवर तिच्या लग्नाची पत्रिका माझ्या टेबलावर आली.

लग्नाला गेलो. जेवलो. जिलबी छान झाली आहे, असं दोघातिघांना सांगितलं. मुलगा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर होता, सरळ, सभ्य. तिनं निवडलेलं नावच त्यानं तांदळात लिहिलं. सुट्टीवरून ती परत आली ती पेढे घेऊनच. गॅझेटातही नाव बदलून झालं होतं. विभागातल्या सगळ्यांच्या तोंडी नवं नाव आठवडाभरात बसलं. माझ्या बसलं नाही. मी “अहो डॉक्टर” म्हणायचो, खाकरायचो, समोर जाऊन उभा राहायचो. हा प्रकार कोणाच्या लक्षात आला नाही, निदान मला तसं वाटतं.

त्याच दिवसांत निबंध तयार झाला. जर्नलचे नियम कडक: दोन ओळींत अंतर, आलेख काळ्या शाईत, प्रती तीन, पहिल्या पानावर लेखकांची नावं आणि पदं. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं, शेवटी सरांचं. तिनं एका चिठोऱ्यावर आपलं नवं नाव इंग्रजीत, सुटी सुटी अक्षरं काढून लिहून दिलं. स्पेलिंग चुकायला नको, कारण निबंधावर तिचं नाव छापून यायची ती पहिलीच वेळ होती.

नागपूरच्या सदर भागात एका टायपिंगच्या दुकानात मी बसलो होतो. टायपिस्टनं मधली पानं आधी काढली, पहिलं पान शेवटी. कार्बन लावून त्यानं नावं विचारली. चिठोरं माझ्या खिशात होतं. मी तोंडानं सांगितलं — माझं नाव, मग सुमन आणि तिचं माहेरचं आडनाव, मग सर. त्यानं पान माझ्यापुढं धरलं आणि नावं एकदा बघून घ्या म्हणाला. मी बघितली. बरोबर आहेत, म्हणालो.

रागानं केलं का? नाही, रागाला तरी काही तेज असतं. मी तिच्यासाठी ठरवलेलं नाव मला लिहिता येत नव्हतं, तिनं निवडलेलं मला लिहायचं नव्हतं. मग उरलं ते, जे तिला नको होतं. पण त्या एका पानावर तरी माझ्या नावाखाली ती माझी त्या बंद खोलीतली सुमन होती. मला वाटलं, राहू दे एवढं एक पान. कोणाचं काय जातं?

पुढं जर्नलकडून छपाईआधी तपासायला पानं आली. सुधारायची संधी होती. मी दोन स्वल्पविराम सुधारले आणि पानं परत पाठवली.

निबंध छापून आला तेव्हा ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. हे कसं झालं, तिनं विचारलं. मी टायपिस्टवर ढकललं. या लोकांना काही कळत नाही, असंही वर म्हणालो. तिनं मान हलवली आणि छापील प्रत पिशवीत ठेवली. माझ्या शब्दावर शंका घ्यायचं तिला सुचलं नाही.

त्यानंतर आमच्याच कॉलेजात व्याख्यात्याची जागा निघाली. छापलेला निबंध असल्याशिवाय अर्ज घेणारच नव्हते. सुमननं अर्ज भरला. कचेरीतल्या बाबूनं निबंधावर बोट ठेवलं. गॅझेटातल्या तारखेपासून बाई नव्या नावानं ओळखल्या जातील असं छापलं आहे, आणि निबंध तर त्यानंतरचा आहे. नाव बदलल्यावर जुन्या नावानं कोण लिहील? तेव्हा ही सुमन दुसरी कोणी असणार. तो तरी काय चुकीचं बोलला? सहलेखकानं समोर येऊन सांगितलं तर चालेल, म्हणाला; पण सर तोवर वारले होते. राहिलो मी. अर्ज घ्यायचा तो शेवटचा दिवस होता.

“तुम्ही फक्त येऊन सांगा, डॉक्टर, का हे मीच आहो,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय कोणाले माहीत आहे?”

तुम्ही व्हा पुढं, मी आलोच — असं मी म्हणालो. आणि निघालोही होतो, हे खरं आहे. कचेरीसमोर रस्त्याच्या अलीकडे कडुनिंबाखाली स्कूटर उभी केली. व्हरांड्यात ती उभी होती, फाटकाकडे बघत, म्हणजे माझीच वाट बघत. तिचा नवरा कुठूनतरी पाण्याचा गडू घेऊन आला आणि त्यानं लांबूनच तिला हाक मारली. त्या नावानं. ती वळली. पहिल्याच हाकेला, सहज, जन्मभर तेच नाव असल्यासारखी. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं — ते मी त्या बंद खोलीत इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

मला आत जाऊन तेच नाव उच्चारायचं होतं. एवढंच काम होतं. मी स्कूटर वळवली.

हॉस्पिटलात येऊन त्या यंत्राच्या खोलीत बसलो आणि पंखा लावला. कचेरी बंद होईपर्यंत बसून होतो. ती तोवर व्हरांड्यात उभी होती, हे मला नंतर कळलं. पण नंतर कशाला, तेव्हाही माहीत होतंच की.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की ऐन वेळी सीरियस पेशंट आला. ती रागावेल अशी माझी तयारी होती. तिनं विचारलं, “मग, वाचला ना तो?”

वाचला, मी म्हणालो.

जागा दुसऱ्याला गेली. थोड्या महिन्यांनी सुमन नोकरी सोडून कळमेश्वरला गेली आणि तिथं तिनं दवाखाना टाकला. बाळंतिणींवरचा तो निबंध झाला नाही. दर मे महिन्यात तशा काही बाळंतिणी आमच्या वॉर्डात यायच्या आणि काही परत जायच्या नाहीत. मी त्यांना मोजलं नाही. तो तिचा विषय होता, असं मी मनाला सांगायचो.

माझं लग्न झालं तेव्हा बायकोचं नाव मी बदललं नाही. सासरे सगळ्यांना सांगत सुटले की जावई सुधारक आहे. मी ते कौतुक मुकाट्यानं घेतलं. तांदळाच्या ताटावर माझा हात चालला नसता, हे कोणाला सांगणार?

बऱ्याच वर्षांनी एकदा कळमेश्वरला गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. दवाखान्यात ही गर्दी. आतून तिचा आवाज येत होता. कोणा सासूला ती झापत होती, की खिडकी काहून बंद केली, पहिले खिडकी उघडा. तेवढा आवाज ऐकला आणि मी पुन्हा त्या खोलीत जाऊन पोचलो, पंखा बंद, ज्योत जळते आहे. कंपाउंडरनं विचारलं, कोण पाहिजे. मी म्हणालो, डॉक्टर सुमन.

“असं कोणी नाही जी इथं,” तो म्हणाला. “तुम्ही चुकीच्या दवाखान्यात आले.” आणि त्यानं दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

हो, चुकलंच, म्हणालो आणि मिळेल त्या बसनं परत आलो.

तुमच्या लक्षात आलं असेल. हे सगळं लिहिताना मी तिला सुमनच म्हणत आलो. तिनं निवडलेलं नाव मला पाठ आहे. ते चिठोरं मी नंतर फेकून दिलं, पण त्यावरची अक्षरं अजून डोळ्यांपुढं येतात. इथं कोणी टायपिस्ट नव्हता, कचेरी नव्हती, पेशंट नव्हता, नुसता कागद होता. तरी ते नाव मी एकदाही लिहिलेलं नाही. सुमन नावाची मुलगी उमरेडला होती खरी. ती फार लहान असताना गेली, चालायलाही शिकली नव्हती.