खालून कापलेल्या अकरा ओळी

प्रेसनोट बुधवारी दुपारी सव्वातीनला आली. पंधरा ओळींची होती. एका वाहन कंपनीने आपल्या जीपच्या एका मॉडेलची काही वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली होती. ही जीप चिखलात आणि जंगलात चालवायची. लिव्हर ओढला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. ती ताकद पुढे नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या चार बोल्टांनी धरलेला असतो, त्या बोल्टांत दोष निघाला होता. कंपनी ते फुकट बदलून देणार होती.

सातव्या पानावर चार ओळींची जागा होती. आमच्या अमरावतीच्या कार्यालयात बातमी खालून कापतात. महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली, हे पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. पुढे हातच ते काम करतो. मी खालच्या अकरा ओळी कापल्या. वर उरलेल्या मजकुरात एक शब्द माझ्या पदरचा घातला. मालकांनी ‘सवडीने’ वर्कशॉपशी संपर्क साधावा.

धाकट्या बहिणीकडे हीच जीप होती, हे मला माहीत होते. ती पशुवैद्यक आहे. आठवड्यातले चार दिवस मेळघाटातल्या गावांत जनावरांना लसी टोचत फिरते. कंपनीचा निरोप तिला गेलाच असेल, असे मी धरून चाललो. पण जीप तिने अकोल्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. कागदांवर सह्या झाल्या, नारळ फुटला, किल्ली हातात आली. आरटीओत जाऊन गाडी स्वतःच्या नावावर करायचे तेवढे राहिले. आमच्याकडे ते नेहमीच पुढच्या महिन्यावर असते. कंपनीच्या लेखी गाडी अजून अकोल्यातच होती.

रविवारी दुपारी साडेबाराला त्या ठेकेदाराचा फोन आला.

“साहेब, ते गाडी ताईजवळच हाय ना अजून? मले कंपनीचे मेसेजवर मेसेज येऊन राहिले. मी म्हटलं आपल्याले काय करायचं, विकली आपण. आज बायकोनं वाचला तं म्हणे, त्यायले सांगा लवकर, काहीतरी भलतंच लिहिलं हाय.”

मी मूळ प्रेसनोट फोनवर उघडली. बुधवारी ती शेवटपर्यंत वाचली नव्हती. बोल्टांचे आटे कच्चे होते. पुढच्या चाकांना ताकद दिली की ते सैल होत जातात. शाफ्ट सुटला तर फिरता फिरता ब्रेकच्या पाइपावर आदळू शकतो. पंधरावी ओळ अशी होती: “दुरुस्ती होईपर्यंत फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये व वाहन घाटरस्त्यावर नेऊ नये.”

बहीण सकाळी सेमाडोहच्या पलीकडे शिबिराला गेली होती. दोनला निघून घाट उतरणार होती. श्रावणाचा महिना होता. घाटात धुके आणि रस्त्यावर माती येते म्हणून ती तो लिव्हर ओढूनच उतरते, हे तिनेच मला सांगितले होते. तिचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर होता. मी अकरा वेळा लावला. तिच्या दवाखान्यात रविवारची सुट्टी होती.

वलगावच्या ज्या मेकॅनिककडे ती गाडी दाखवते, त्याला फोन केला आणि मोटारसायकल काढली. तो रस्त्यावर पान्यांची पिशवी घेऊन उभाच होता. मागे बसल्यावर म्हणाला, “साहेब, एक सांगू का? रागावू नका.”

“बोल.”

“गेल्या हप्त्यात ताई आल्या होत्या. खालून खटखट आवाज येते म्हणे. मी बोल्ट कसून देल्ले.”

“मग आता ते घट्ट आहेत?”

“आटेच कच्चे असतीन तं कसून काय होते? उलट मी जोर लावून कसले.”

आम्ही परतवाड्याकडे निघालो. भीतीने माणूस वेगाने गाडी चालवतो, असा माझा समज होता. त्या दिवशी मी पंचेचाळीसच्या पुढे गेलो नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी मी पाहत होतो. एक रुग्णवाहिका सायरन वाजवत आली. ती घाट उतरून धारणीकडून येत होती की परतवाड्यातूनच निघाली होती, ते कळायला मार्ग नव्हता. मी मोटारसायकल बाजूला घेतली आणि ती गेल्यावर मला पुन्हा गिअर टाकता येईना. मेकॅनिकने मागून हात घालून क्लच दाबला.

“चला, साहेब. त्यात आपलं कोणी नाही.”

त्यालाही माहीत नव्हते.

घाट चढताना धुके लागले. वळणावर कठड्याचे दगड नुकतेच उपसलेले दिसले तिथे मी थांबलो आणि खाली वाकून पाहिले. सागाची पाने आणि पाण्याचा आवाज, एवढेच होते. घटांगच्या अलीकडे, तीन वाजून दहा मिनिटांनी, वरून दोन पिवळे दिवे आले. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. ही चूक होती. तिला जोरात ब्रेक दाबायला लागू नये, हेच तर पाहायचे होते. मेकॅनिक ओरडला, “बाजूले व्हा, साहेब! चढाच्या अंगाले घेऊ द्या तिले!” मी सरकलो. जीप आमच्यापुढे जाऊन डोंगराच्या बाजूला हळूहळू थांबली.

बहिणीने काच खाली केली. “दादा? घरी काय झालं? आई?”

“आई बरी आहे. इंजिन बंद कर. खाली उतर.”

“अरे पण काहून?”

मेकॅनिकने मागच्या चाकांना दगड लावले होते आणि तो गाडीखाली शिरलाही होता. थोड्या वेळाने त्याचा हात बाहेर आला. हातात एक बोल्ट होता. त्याने तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी काढला होता.

“एक हा,” तो खालून म्हणाला. “एक अर्धा बाहेर हाय. दोन तं हायेतच नाही.”

बहीण रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. लसींचा बर्फाचा डबा तिने मांडीवर घेतला होता, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. “मी दोन वळणांपासून आवाज ऐकून राहिली होती. म्हटलं, खाली गेल्यावर पाहू.” मग तिने विचारले, “तुले कोणं सांगितलं?”

मी तिला ठेकेदाराचा फोन सांगितला. मग बुधवार सांगितला. फोनवरची प्रेसनोट तिच्यापुढे धरली. तिने ती सावकाश वाचली, प्रिस्क्रिप्शन वाचतात तशी.

“पेपरात किती आलं यातलं?”

“चार ओळी.”

“अन् हे शेवटची?”

“नाही.”

“दादा, मी घरी तुहा पेपर घेते. दुसरा घेतच नाही.” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता तिने मेकॅनिकला विचारले, गाडी इथेच सोडली तर चालेल का. तो म्हणाला, इथून ती आता उचलूनच न्यायची.

सोमवारी मी पूर्ण प्रेसनोट पुन्हा दिली. पाच दिवस जुनी बातमी म्हणून तिला सातवेच पान मिळाले, पण पंधरावी ओळ या वेळी सगळ्यात वर होती.

या मॉडेलचे काम करणारे वर्कशॉप अकोल्यात आहे. गुरुवारी जीप क्रेनच्या गाडीवर चढवून तिथे नेली. बहीण आणि मी मागून बसने गेलो. बोल्ट बदलायला दोन तास लागतील म्हणाले. प्रतीक्षेच्या बाकावर शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे बागवान बसले होते. त्यांची तशीच जीप आदल्या आठवड्यात बागेतल्या नाल्यात उतरताना शाफ्ट सुटून आदळली होती. डाव्या हाताला प्लास्टर होते. त्यांनी खिशातून पाकीट आणि पाकिटातून घडी घातलेले कात्रण काढले. ते माझ्या त्या चार ओळींचे होते.

“हे पाहा. कंपनीवाले म्हणतात तुमी वाचलं नाही. मी तं कापून ठेवलं! सवडीनं या, असं लिहिलं हाय. संत्र्याचा मृग बहार अंगावर, मले कुठची सवड? यात कुठं लिहिलं का, की लिव्हर ओढू नका?”

“नाही लिहिलं,” बहीण म्हणाली. “काका, ते माह्या दादानं लिहिलं हाय. हा बसला तो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी फोन काढून त्यांना पंधरावी ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मंगळवारचा पेपर त्यांनी पाहिला नव्हता. ते तेव्हा दवाखान्यात होते.

“घाटरस्त्यावर नेऊ नये?” ते म्हणाले. “माह्या भावाजवळ जोडीची गाडी हाय. आमी दोघांनी एकाच दिवशी घेतल्या. तो आज पाहुण्यायले घेऊन चिखलदऱ्याले जाऊन राहिला.”

त्यांनी एका हाताने फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. त्यांचा अंगठा नीट पडेना, तेव्हा तिसऱ्यांदा बहिणीने लावून दिला आणि स्पीकर सुरू केला. आम्ही तिघेही फोनकडे पाहत होतो. रिंग सहा वेळा वाजली.

“हां, बोल,” पलीकडून आवाज आला. मागे बायकांचे हसणे ऐकू येत होते.

“कुठं हायेस?”

“परतवाड्यात. चहा घेऊन राहिलो. निघतोच आता वर.”

बागवानांनी फोन माझ्या तोंडाशी धरला. “तुमीच वाचा,” ते म्हणाले.

मी वाचली. बातमी सांगून उतरवून घेतात त्या गतीने, शब्द तोडून तोडून, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. पलीकडचे हसणे थांबले.

“कोण बोलून राहिलं हे?” भावाने विचारले. “अन् हे आता सांगता का, बाप्पा?”