स्प्रे माझा, नाव खळीचं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला धड माहीत नाही. अडखळले तर अडखळू द्या.

अंबडच्या एमआयडीसीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे. लेझरनं पातळ प्लाय आणि जाड कागद कापायचा, एकावर एक थर चिकटवायचे आणि त्यातून डोंगर, झाडं, पाखरं उभी करायची. भिंतीवर लावायची चित्रं. लोकांना वाटतं सगळी कमाल मशीनची. अहो, मशीन नुसतं कापतं! चित्र टिकतं ते चिकटवण्यावर. प्लायवर प्लाय पांढऱ्या गमनं छान बसतं. पण जाळीसारखा कापलेला कागद? त्याला पांढरा गम लावला की तो फुगतो, गम जाळीतून वर येतो. डब्यातल्या गमचा स्प्रे मारला तर पाच मिनिटांत काम होतं — आणि उन्हाच्या भिंतीवर वर्षभरात थर सुटायला लागतात. हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे पळवाट काढायला नको.

चिकटवायचं काम माझ्या हाताखालच्या मंगलकडे. ती पेठ तालुक्यातल्या खेड्यातली. तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून त्यात किंचित मोरचूद घालायची. ब्रशनं अगदी पातळ हात फिरवायची आणि वर दगडी पाटा ठेवून दिवसभर दाबून ठेवायची. मी चेष्टा करायचे — पतंग करतेयस का गं? ती हसायची आणि आपलंच खरं करायची.

एका दवाखान्यासाठी पाच थरांचं मोठं चित्र होतं. काम एका इंटिरियरवाल्या बाईंकडून आलेलं. खालचे दोन थर मंगलनं खळीनं बसवले आणि भात लावणीसाठी ती गावी गेली. जाताना बजावून गेली, "भिंतीला दुपारचं ऊन हाय, ताई. स्प्रे नाय टिकायचा." पण मला कुठला दम निघतोय! वरचे तीन थर मी स्प्रेनं चिकटवून मोकळी झाले. ती परत आली, तिनं विचारलं, वरचं कशानं लावलं? मी म्हटलं, तुझ्याच खळीनं. का म्हटलं? तिचं न ऐकल्याची लाज वाटली, दुसरं काय.

इथवरच असतं तर — नाही, इथवरही खोटंच होतं. पण पुढचं जास्त वाईट आहे.

थंडीत त्या बाई वर्कशॉपला आल्या. मंगलचा हात बघत उभ्याच राहिल्या. एका हॉटेलचं मोठं काम होतं त्यांच्याकडे. माझ्यासमोरच तिला म्हणाल्या, हे तू स्वतःच्या नावावर करशील का? मंगल आठवडाभर हवेत होती. भाड्यानं खोली बघायला लागली, पाटी काय लावायची ते मलाच विचारायची. मी तोंडानं वा वा करत होते. आणि आतून? जळत होते. मी हिला लेझरचं काम दाखवलं, मी हिला उभी केली — आणि ही माझ्याच दारातून माझं गिऱ्हाईक नेणार?

उन्हाळा लागला आणि बाईंचा फोन आला. चित्राचे थर सुटले होते. काय वापरलं होतं, त्यांनी विचारलं. मी क्षणभरही थांबले नाही. "मंगलची खळ हो. गावाकडची सवय आहे तिची. मीच लक्ष द्यायला हवं होतं." ते शेवटचं वाक्य बघा! वर मोठेपणाही घेतला.

चित्र आणायला मी एकटीच गेले. वरचे तीन थर हातात निघून आले. खालच्या दोन थरांमध्ये मी नख घालून पाहिलं — नख शिरेना. दवाखान्याच्या आवारात उभी होते, फोन पर्समध्ये होता. तेव्हा बाईंना खरं सांगता आलं असतं. मी ते चित्र मोडलं आणि वाटेत कचऱ्यात टाकलं. मंगलनं ते बघू नये म्हणून.

हॉटेलचं काम दुसऱ्या कुणाकडेतरी गेलं. थर सुटल्याचं मंगलच्या कानावर आलंच होतं. तिनं मला विचारलं, "खळीमुळंच गेलं का, ताई?"

मी "हो" म्हटलं.

ती रडली नाही. "तुमचं नाव घालवलं मी, माफ करा," म्हणाली. माझी माफी मागितली तिनं! आणि मी काय केलं? असू दे गं, होतं असं, म्हणून तिला माफ केलं.

याला सहा वर्षं झाली. मंगल अजून माझ्याकडेच आहे. ती खोली तिनं घेतली नाही. खळ पुन्हा कधी शिजवली नाही. जिला बोटांनी कागद चाचपला तरी कळायचं त्याला काय मानवेल, ती आता प्रत्येक थराला माझ्याकडे बघते. आज सकाळीही कागद हातात घेऊन उभी राहिली. "हे कशानं लावू, ताई?"

मी स्प्रेचा डबा तिच्यापुढे सरकवला.