शेंड्याकडचा माणूस

वडशाच्या लाकूड डेपोत कारकून म्हणून रुजू व्हायला मी १९५५च्या मार्चमध्ये गाडीतून उतरलो, तेव्हा वारलू मुकादम मला दिसायच्या आधी ऐकू आला. डेपो स्टेशनापासून अर्धा मैल. तिथून तो ओरडला, "उचला रे, जावई लोकहो!" आणि फलाटावरच्या तीन अनोळखी प्रवाशांनी मुकाट्याने आपापल्या वळकट्या उचलल्या. मीही ट्रंक उचलली. स्टेशनमास्तरांनी खुर्ची उचलली असं म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

जवळ जाऊन पाहिलं तर माणूस जेमतेम पाच फुटांचा. डोक्याला एवढं मोठं पागोटं, की तो पागोटं घालून उभा आहे की पागोटं त्याला धरून उभं आहे, ते कळेना.

त्याच्या हाताखाली बारा हमाल. सागाचे ओंडके उचलून वॅगनमध्ये चढवायचे, हे त्यांचं काम. ओंडका बुंध्याकडे जड आणि शेंड्याकडे हलका. वारलू रोज सकाळी बाराही चेहरे निरखायचा. कुणाला ताप, कुणाच्या घरी मयत, कुणाची बायकोशी जुंपलेली. असा माणूस त्या दिवशी शेंड्याकडे. आणि शेंड्याकडच्यालाच तो सगळ्यात जास्त टोमणे मारायचा, म्हणजे याला हलकं काम मिळालंय हे कुणाच्या ध्यानात येऊ नये.

इसरू हिवतापातून उठला होता. तीन आठवडे तो शेंड्याकडेच होता, आणि वारलू रोज गर्जायचा, "पाहा रे त्या इसरूले! अख्खं जंगल एकटाच उचलून राह्यला!" सगळे हसायचे. इसरूही हसायचा.

एप्रिलमध्ये नवे मॅनेजरसाहेब आले. माणसांत उत्साह कसा भरावा, यावरचं एक व्याख्यान ते नागपूरला ऐकून आले होते आणि तो उत्साह अजून त्यांच्यातच होता. दर महिन्याला एक उत्तम कामगार निवडायचा आणि सगळ्यांसमोर त्याला नवी छत्री द्यायची, असं ठरलं. त्याची नोटीस मीच सुबक अक्षरात लिहिली.

"वारलू, नाव तू सुचवायचं," साहेब म्हणाले.

"बाराच्या बारा मिळून उचलतेत जी साहेब. एकाचं नाव कसं सांगू?"

"तुला जमत नसेल, तर ज्याला जमेल असा मुकादम आणतो."

वारलू दोन दिवस गप्प होता. डेपोत पहिल्यांदाच पाखरांचा आवाज ऐकू आला. नवा मुकादम आला तर तो चेहरे पाहणार नाही, आणि पहिल्याच दिवशी इसरूला घरी पाठवील, हे त्याला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने इसरूचंच नाव दिलं. मला म्हणाला, "आजारी मानूस हाये बाबू. नाव झालं तं जीव धरन."

छत्री दिली तेव्हा टाळ्या साहेबांनी वाजवल्या, आणि मी. बाकीचे अकरा जण नुसते उभे होते. त्यांच्यातला थोराड डोमा मोठ्याने म्हणाला, "बुंधा आमच्या खांद्यावर, अन् छत्री शेंड्याले! वा रे मुकादमभाऊ!"

दुसऱ्या सकाळी इसरू आपणहून बुंध्याकडे जाऊन उभा राहिला.

"इसरू, तिकडं हो," वारलू म्हणाला.

"काऊन जी भाऊ? उत्तम कामगार शेंड्याले उभा राह्यते का?"

"तुले सांगतो ना, हो तिकडं."

"राहू दे ना भाऊ," डोमा म्हणाला. "आमालेबी पाहू दे उत्तम कसा उचलते तं."

साहेब व्हरांड्यातून पाहत होते. 'तुझ्यात अजून जोर नाही' असं वारलूने म्हणावं, तर कालचं नाव खोटं ठरत होतं. त्याने उचलायची हाक दिली. शेजारच्या माणसालाही ती जेमतेम ऐकू गेली असेल.

पहिला ओंडका चढला. दुसऱ्याला इसरूचा गुडघा वाकला आणि बुंधा त्याच्या डाव्या पायावर आला.

इसरूला तो पाय पुढे कधी नीट टेकता आला नाही. तो गावी गेला. वारलूने त्याच आठवड्यात काम सोडलं. योजना समाधानकारक चालू असल्याचा अहवाल साहेबांनी मला लिहायला सांगितला आणि मी लिहिला. मे महिन्याचं बक्षीस डोमाला मिळालं.